चिठ्ठी जाते, उत्तर येत नाही : मानसिक आरोग्य केंद्रांनी एकमेकांशी बोलायचं कसं?

वेलांटी

मंडळी, धागा लांबणार आहे, आधीच सांगून ठेवते.

मी एका छोट्या समुपदेशन केंद्रात काम करते. आमच्याकडे मानसोपचारतज्ज्ञ नाहीत. गोळ्यांची गरज दिसली, किंवा माणूस जिवाचं काही बरंवाईट करून घेईल अशी धास्ती वाटली, की आम्ही संदर्भ चिठ्ठी लिहून मोठ्या रुग्णालयात पाठवतो. परवा कपाट आवरताना जुनी चिठ्ठीपुस्तकं हाताला लागली. कार्बनखालची निळी, अर्धवट उमटलेली अक्षरं. एकेक नाव वाचत गेले आणि लक्षात आलं, यातल्या बहुतेकांचं पुढे काय झालं हे मला ठाऊकच नाही. तिथवर पोचले का? दाखल केलं का? गोळ्या सुरू झाल्या आणि चौथ्या दिवशी सोडून दिल्या का? चिठ्ठीच्या खालच्या अर्ध्या भागात 'उलट माहिती' असा रकाना छापलेला आहे, तो फाडून परत पाठवायचा असतो. परत आलेले तुकडे बोटांवर मोजता येतील. त्यातल्या एकावर नुसतं 'सीन', म्हणजे 'पाहिलं', आणि खाली सही. (सही मात्र झोकदार होती.)

दोन दिवस मी रुग्णालयावर चरफडत होते. मग आमचीच नोंदवही उघडली. वॉर्डातून सुटल्यावर 'समुपदेशनासाठी' म्हणून आमच्याकडे पाठवलेली माणसं त्यात होती. काही आलीच नव्हती. ती आली नाहीत, हे आम्ही कुणाला कळवलं होतं? कुणालाच नाही. म्हणजे हिशेब दोन्हीकडून चुकता.

आमच्या भागात पाच-सहा केंद्रं, एक रुग्णालय, बरेच जनरल डॉक्टर, एक स्वमदत गट आहे. जो तो आपापल्या जागी मनापासून राबतो. माणूस पडतो तो दोघांच्या मधल्या फटीत. समन्वयाच्या बैठका होतात, इतिवृत्त लिहिलं जातं, पुढच्या बैठकीत मागचं इतिवृत्त मंजूर होतं. बस.

माझ्या डोक्यात दोन गोष्टी आहेत. एक, सगळ्यांनी मिळून एकच चिठ्ठी वापरायची आणि तिचं उत्तर द्यायचंच. दोन, महिन्यातून दोनदा तासभर ऑनलाइन बसून अडलेल्या केसेस बोलायच्या. ज्यांनी असं काही केलंय, किंवा करून तोंडघशी पडलेत, त्यांनी लिहा. तोंडघशी पडलेल्यांनी आधी.

---

रात्रपाळी

त्या झोकदार सहीच्या बाजूनं बोलते. मी मनोविकार वॉर्डात सिस्टर आहे.

वेलांटी, तुमची चिठ्ठी आमच्याकडे कशी येते ते सांगू? चार घड्या घालून, नातेवाइकाच्या खिशात घामानं भिजून. वर लिहिलेलं असतं 'फॉर एक्स्पर्ट ओपिनियन अँड फर्दर मॅनेजमेंट'. ती केसपेपरला टाचली जाते, पेशंट सुटला की केसपेपर रेकॉर्ड रूममध्ये, आणि चिठ्ठीही त्याच्याबरोबर तिकडेच. ती परत पाठवणं हे कुणाचंच काम नाही. डॉक्टरला वाटतं सिस्टर पाठवतील, सिस्टरला वाटतं क्लार्क, आणि क्लार्कला ती चिठ्ठी दिसतच नाही.

दुसरं असं की तुम्ही चिठ्ठीत काही विचारलेलंच नसतं. काही विचारलं नाही तर उत्तर तरी कसलं देणार? एका केंद्रातली बाई मात्र लिहायची, "तीन आठवडे झोप नाही. गेल्या शुक्रवारी मुलाला म्हणाल्या, माझ्यामागे नीट राहा. गोळ्यांना घाबरतात, कारण बहिणीला गोळ्यांनी गुंगी यायची. दाखल करावं का? नसेल तर घरी कशावर लक्ष ठेवू?" खाली स्वतःचा फोन नंबर आणि कोणत्या वेळी उचलेन तेही. त्या चिठ्ठीला आमच्या डॉक्टरांनी उभ्याउभ्या फोन केला होता, राऊंड अर्ध्यात सोडून.

आता गंभीर मुद्दा. वॉर्डातून सुटल्यावरचे पहिले दिवस सगळ्यात नाजूक असतात. आत्महत्येचा धोका त्या पहिल्या आठवड्यांत जितका असतो तितका दाखल असतानाही नसतो. घरचे म्हणतात, बरा झाला, म्हणून तर सोडलं. म्हणून सुटल्यापासून 72 तासांच्या आत कुणीतरी प्रत्यक्ष किंवा फोनवर गाठायचंच, अशी इंग्लंडमध्ये आता अपेक्षा असते. पूर्वी ती सात दिवसांची होती. आमच्याकडे डिस्चार्ज कार्डावर 'फॉलोअप 15 दिवसांनी' असा रबरी शिक्का मारतात. मधल्या पंधरा दिवसांत त्या माणसाच्या सगळ्यात जवळ कोण असतं? तुमचं केंद्र. आणि तुम्हाला तो सुटलाय हेच माहीत नसतं.

---

सहज_विचारलं

भाबडा प्रश्न. 'सहकार्य' म्हणजे नेमकं काय? मी पाहिलंय त्यात सहकार्य म्हणजे अवघड पेशंट गोल फिरवणं. दारू आहे, आधी व्यसनमुक्तीला जा. व्यसनमुक्तीवाले म्हणतात, नैराश्य आहे, आधी मानसोपचार घ्या. दोघंही चिठ्ठी देतात. चिठ्ठ्यांची कमतरता कधीच नव्हती.

आणि केस चर्चेचं म्हणाल तर एका ग्रुपवर मी स्वतः एका बाईच्या केसपेपरचा फोटो पाहिलाय, नावासकट. 'सर, प्लीज गाइड.' खाली सतरा जणांचे नमस्कार आणि अंगठे. त्या बाईला कुणी विचारलं होतं?

---

तळटीप

सहज_विचारलं यांचा दुसरा मुद्दा सोन्यासारखा आहे, त्यावर शेवटी येतो. मी आरोग्याच्या आकडेवारीत काम करतो, त्यामुळे थोडं रुक्ष लिहीन, सांभाळून घ्या.

वेलांटी, तुम्ही सुचवताय त्या दोन्ही गोष्टी कुठे ना कुठे नीट तपासल्या गेल्यात.

ऑनलाइन केस चर्चेचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण मानसिक आरोग्यातलं नाही, यकृताचं आहे. 2003 साली न्यू मेक्सिको विद्यापीठात डॉ. संजीव अरोरा यांनी 'प्रोजेक्ट एको' सुरू केला. हिपॅटायटिस सी चे रुग्ण त्यांच्या दवाखान्यात नंबर लागायची महिनोन्‌महिने वाट पाहायचे. त्यांनी रुग्णांना बोलावण्याऐवजी लांबलांबच्या डॉक्टरांना दर आठवड्याला पडद्यासमोर बसवलं. डॉक्टर आपली केस मांडणार, तज्ज्ञ आणि बाकीचे डॉक्टर मिळून बोलणार, उपचार मात्र ज्याचे त्यानेच करायचे. 2011 मध्ये 407 रुग्णांचे निकाल प्रसिद्ध झाले. विद्यापीठातल्या तज्ज्ञांकडे 57.5 टक्के बरे झाले, लांबच्या डॉक्टरांकडे 58.2 टक्के. पुढे हीच रीत व्यसन आणि मनोविकारांसाठीही वापरली जाऊ लागली. यात व्याख्यान नव्हतं, हे लक्षात घ्या. तज्ज्ञानं पंचेचाळीस मिनिटं स्लाइड दाखवल्या की तो एको राहत नाही, क्लास होतो.

दुसरं उदाहरण अधिक जवळचं. अमेरिकेतला 'इम्पॅक्ट' अभ्यास, 2002. साठी ओलांडलेले, नैराश्य असलेले 1801 लोक, 18 दवाखाने. निम्म्यांना नेहमीचे उपचार. उरलेल्यांना त्याच फॅमिली डॉक्टरकडे उपचार, पण जोडीला एक नर्स किंवा मानसशास्त्रज्ञ. तिच्याकडे एक यादी. कोण आलं, कोण आलं नाही, कुणाचा लक्षणांचा गुण किती. आठवड्यातून एकदा मानसोपचारतज्ज्ञाबरोबर बसून फक्त सुधारत नसलेल्यांवर बोलायचं आणि उपचार बदलायचे. वर्षभरानं लक्षणं निम्म्यानं तरी कमी झालेले लोक त्या गटात 45 टक्के होते, नेहमीच्या उपचारांत 19.

मला त्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट ती यादी वाटते. आपली ओपीडी आलेल्यांना मोजते. यादी न आलेल्यांना पाहते.

गोपनीयतेबद्दल : चर्चेत नाव, पत्ता, फोटो, नोकरीचं ठिकाण काहीही नको. छोट्या भागात 'शाळेत शिकवणाऱ्या, दोन जुळी मुलं असलेल्या बाई' एवढंही पुरतं ओळखायला. आणि उलट चिठ्ठीसाठी त्या व्यक्तीची संमती चिठ्ठीवरच घ्यायची, कुणाला काय कळवायचं ते तिनंच ठरवायचं. "रुग्णालयाला सगळं सांगा, पण माझ्या फॅमिली डॉक्टरला सांगू नका" असंही कुणी म्हणेल. चालेल.

---

अर्धविराम

तळटीप, शेवटच्या वाक्यावर अडले. मी नेमकी तीच बाई आहे जिनं फॅमिली डॉक्टरला सांगू नका म्हटलं होतं. काय झालं ते लिहिते. कुणाला दोष द्यायला लिहीत नाही.

मला बायपोलर आहे, म्हणजे मन कधी टोकाच्या उत्साहात, कधी टोकाच्या नैराश्यात जातं. ते स्थिर ठेवणाऱ्या लिथियम या औषधावर बरीच वर्षं आहे आणि त्यावर छान आहे. फॅमिली डॉक्टर सासरच्यांच्या ओळखीचे, म्हणून त्यांना कळू दिलं नाही. एकदा गुडघा दुखावला. त्यांनी वेदनाशामक गोळी दिली, दिवसातून दोनदा. साधी गोळी. आठवडाभरानं हात थरथरायला लागले. कप बशीवर ठेवताना खडखड आवाज व्हायचा, तो अजून कानात आहे. मग उलट्या, जुलाब. मी त्याच डॉक्टरांकडे गेले, त्यांनी पोटाचं औषध दिलं. दोन दिवसांनी मला सरळ चालता येईना, भिंत धरून बाथरूमला जात होते. बोलणं जड झालं. बहिणीनं रुग्णालयात नेलं. रक्तातली लिथियमची लेव्हल खूप वाढली होती.

नंतर कळलं की आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्यांनी मूत्रपिंडातून लिथियम बाहेर पडणं कमी होतं आणि ते साठत जातं. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही होतं. लेव्हल किती असावी आणि किती झाली की विषारी, यात अंतर फार थोडं. हे माझ्या मानसोपचारतज्ज्ञांना माहीत होतं, पण गुडघ्याचं माहीत नव्हतं. फॅमिली डॉक्टरांना गुडघ्याचं माहीत होतं, पण लिथियमचं नव्हतं. दोन्ही माहीत असलेली माणूस एकटी मीच होते, आणि या दोन गोष्टी एकमेकींशी बोलतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

म्हणून म्हणते, तुमच्या सामायिक चिठ्ठीची एक प्रत आमच्या हातात द्या. आमच्या भाषेत. मी आता पाकिटात एक कार्ड ठेवते. त्यावर आजाराचं नाव नाही. 'मी लिथियम घेते. वेदनाशामक देण्याआधी विचारा. उलट्या, जुलाब, थरथर असेल तर आधी लेव्हल तपासा.' एवढंच. ते दाखवायला मला लाज वाटत नाही.

आणि हो, केस चर्चेला आमच्यापैकी कुणाला बोलावणार आहात का? शोभेला नको. दर वेळी.

---

खोडरबर

मी जनरल प्रॅक्टिस करतो. अर्धविराम ताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. ती गोळी मीही दिली असती. डोळे झाकून.

आमच्या बाजूचं खरं सांगायचं तर मला मानसिक केस घ्यायची भीती वाटते, आणि ती अज्ञानापेक्षा एकटेपणाची जास्त आहे. नैराश्याचं प्रश्नपत्रक माझ्याकडे आहे. नऊ प्रश्न, 27 पैकी गुण. आठ प्रश्न मी सहज विचारतो. नववा प्रश्न मरणाच्या, स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. तिथे माझी जीभ अडते. कारण समोरचा 'हो' म्हणाला तर मी पुढे काय करणार? बाहेर वीस पेशंट बसलेत. हाक मारावी असं कुणी नाही. मग मी तो प्रश्न घाईत, 'तसं काही नाही ना?' असा विचारतो, आणि माणूस मान हलवतो. मला जे उत्तर हवं तेच मिळतं.

मला ट्रेनिंग नको, तीन झालीत, प्रमाणपत्रं भिंतीवर आहेत. मला एक फोन नंबर द्या, जो दुपारी बारा वाजता कुणीतरी उचलेल. मग नववा प्रश्न मी नीट विचारीन.

---

रात्रपाळी

खोडरबर डॉक्टर, हे प्रांजळपणे लिहिल्याबद्दल तुम्हाला सलाम. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरतो असं अनेकांना वाटतं, ते खरं नाही. उलट विचारल्यावर माणसं मोकळी होतात, हे आम्ही वॉर्डात रोज पाहतो.

---

जुनी_सायकल

मी निवृत्त मानसोपचारतज्ज्ञ. वेलांटीनं तोंडघशी पडलेल्यांना आधी बोलावलं, तर हा आलो. थोडा उशिरा, वयाप्रमाणे.

आम्ही अशी केस चर्चा चालवली होती. दीड वर्षात बंद पडली. कारण शोधायला मला निवृत्ती यावी लागली. आम्ही सगळे चांगल्या झालेल्या केसेस आणायचो. कोण किती बारीक निदान करतो याची चढाओढ. समुपदेशक मुली मागच्या रांगेत वहीत लिहून घ्यायच्या, त्यांना कुणी 'तुला काय दिसलं?' विचारलं नाही. आणि पेशंटच्या घरी जाऊन आलेल्या त्याच एकट्या असायच्या! पुन्हा सुरू केलं तर पहिला नियम हा करीन : केस मांडणाऱ्यानं आधी सांगायचं, मी कुठे अडलोय. तज्ज्ञानं सगळ्यात शेवटी बोलायचं. हा दुसरा नियम पाळणं मला स्वतःला फार जड जाईल, हे कबूल.

झिम्बाब्वेतल्या हरारेच्या 'फ्रेंडशिप बेंच'बद्दल लिहितो, कारण त्याची गोष्ट नेहमी अर्धीच सांगितली जाते. डॉ. डिक्सन चिबांडा यांनी 2006 मध्ये 14 आज्यांना घेऊन सुरुवात केली. दवाखान्याच्या आवारात लाकडी बाक, त्यावर आजी बसणार, आलेल्या माणसाचं ऐकणार आणि एका वेळी एक प्रश्न सोडवायला मदत करणार. नैराश्याला त्या 'कुफुंगिसिसा' म्हणतात, शोना भाषेत 'फार विचार करणं'. 2016 मध्ये 24 दवाखान्यांतल्या 573 लोकांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला, सहा महिन्यांनी आज्यांकडे गेलेल्यांची लक्षणं खूपच कमी होती. हे सगळे सांगतात. न सांगितलेला अर्धा भाग असा की आजी एकटी नसते. तिच्यावर देखरेख करणारं माणूस असतं, आत्मघाताचे विचार दिसले तर कुणाकडे न्यायचं हे ठरलेलं असतं, आणि आज्या एकमेकींशी आपल्या अडचणी बोलतात. बाकाचा फोटो सगळे काढतात, पण मागची ही साखळी फोटोत येत नाही. नुसता बाक नेऊन ठेवला तर त्यावर दुपारी कुणीतरी झोपेल.

शेवटचं. एखादा पेशंट आत्महत्येनं गेला की आमच्यात दोनच गोष्टी व्हायच्या. कागद पूर्ण केले जायचे आणि त्या डॉक्टरशी कुणी काही दिवस बोलायचं नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये 1997 ते 2006 या काळात मानसिक आरोग्य सेवांनी सुरक्षिततेच्या कोणत्या शिफारशी अमलात आणल्या आणि आत्महत्यांवर काय परिणाम दिसला, हे तपासलं गेलं. चोवीस तास तातडीची मदत देणारी पथकं जिथे आली तिथे मोठी घट दिसली. घट दिसलेल्यांत आणखी एक शिफारस होती : अशा मृत्यूनंतर सगळ्या शाखांच्या लोकांनी एकत्र बसून आढावा घेणं आणि कुटुंबाला माहिती देणं. माझा एक पेशंट असा गेला. त्याची आई दारात तासभर उभी होती, मी मागच्या दारानं निघून गेलो. एकत्र बसायची रीत असती तर कदाचित बसलो असतो. असो.

---

सहज_विचारलं

काका, यावर काय लिहावं कळत नाही. माझा खवचटपणा मागे घेतो, निम्मा.

उरलेल्या निम्म्याचा प्रश्न : गोल फिरवण्याचं काय? त्यावर अजून कुणी बोललं नाही.

---

तळटीप

एक साधा नियम करता येईल. पाठवणाऱ्यानं पुढच्याच्या हातात माणूस पोचेपर्यंत नाव आपल्या यादीतून काढायचं नाही. 'पाठवलं' ही नोंद चालणार नाही, 'पोचले, अमुक तारखेला' हीच चालेल. दारू आणि नैराश्य दोन्ही असेल तर ज्याच्या दारात माणूस पहिल्यांदा आला, यादी त्याची. दुसरा मदतीला येईल. मग फिरवण्यातला फायदाच संपतो, कारण फिरवलेला पेशंट तुमच्याच वहीत लाल राहतो.

---

वेलांटी (सात आठवड्यांनी)

धागा वर काढते आहे.

सगळं जमलेलं नाही. रुग्णालयानं सामायिक चिठ्ठी 'तपासून कळवतो' म्हटलंय, अजून तपासणं चालू आहे. दोन केंद्रं पहिल्या चर्चेनंतर आलीच नाहीत. खोडरबर डॉक्टरांनी मागितला तसाच आमच्याकडे एक फोन ठरवला, दुपारी बारा ते दोन, पाळीपाळीनं उचलायचा. पहिले नऊ दिवस तो वाजलाच नाही. आम्ही त्याच्याकडे बघत बसायचो. दहाव्या दिवशी एका डॉक्टरांनी कुजबुजत विचारलं, "समोर बसलाय, हो म्हणालाय, आता?" आमच्या समुपदेशक मुलीनं त्यांना पहिलं वाक्य सुचवलं आणि स्कूटर काढली.

चर्चेत जुनी_सायकल काकांचे दोन्ही नियम घेतले. (काका, तुम्ही दुसऱ्या वेळी तिसऱ्या मिनिटाला बोललात. नोंद आहे.) अर्धविराम पहिल्यापासून आहेत, आणि कार्डाचा मसुदा त्यांनीच केलाय. आम्ही 'लक्षणे आढळल्यास त्वरित संपर्क साधावा' असं लिहिलं होतं, ते खोडून त्यांनी लिहिलं, 'हात थरथरला तर थांबू नका, फोन करा.'

आणि एक शोध लागला, तोही चिठ्ठ्यांचाच. सॅन फ्रान्सिस्कोतल्या डॉ. जेरोम मोटो यांचा अभ्यास. दाखल होऊन सुटलेले, पण पुढचे उपचार नको म्हणणारे 843 लोक. त्यातल्या साधारण निम्म्यांना पाच वर्षं अधूनमधून दोन ओळींचं पत्र जायचं, तुम्ही बरे असाल अशी आशा आहे, वाटलं तर कळवा, इतकंच. काही मागणी नाही, तारीख घ्या असंही नाही. 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात पत्रं मिळालेल्यांमध्ये आत्महत्या कमी होत्या, विशेषतः पहिल्या दोन वर्षांत. हे वाचून आम्ही जुन्या पुस्तकांतल्या, संमती दिलेल्या काही लोकांना हातानं पत्रं लिहिली. पत्ते बदललेली तीन परत आली.

काल एक उलट चिठ्ठी आली. नव्या नमुन्याची नव्हे, जुन्याच पुस्तकातली, फाडलेला खालचा अर्धा भाग. रात्रपाळी सिस्टर, अक्षर तुमचंच असावं असा मला दाट संशय आहे. "मंगळवारी घरी सोडलं. झोप बरी. गोळीला अजून घाबरतात, रात्रीची मुलगा देतो. गुरुवारी फोन कराल का? दुपारी चारनंतर उचलतात."

आज गुरुवार आहे. पावणेचार झालेत.